धाकट्याचं बिऱ्हाड

धाकट्याच्या बहिणीनं चष्मा कपाळावर सरकवला, डाव्या डोळ्याच्या नळीवरचं कडं दोन बोटांनी अर्धा फेरा फिरवलं आणि कुणी काही सांगण्याआधीच मोठं चाक सोडून लहान चाकाला हात घातला. मदतीला म्हणून पुढे झालेले मास्तर जागच्या जागी थांबले. मायक्रोस्कोपशी पहिल्यांदा बसणारा माणूस आधी मोठं चाक गरागरा फिरवतो आणि मग काहीच दिसत नाही म्हणतो, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

"दिसलं," ती म्हणाली. "घोस आहेत. द्राक्षांचे असतात तसे."

"त्या पेशी," संशोधिका म्हणाली. "अशाच एकमेकींना धरून वाढतात."

"जिवंत आहेत?"

"अगदी. काल संध्याकाळीच खायला घातलंय," मास्तर म्हणाले.

बहीण बराच वेळ वाकून बघत राहिली. मग डोळा न काढताच तिनं विचारलं, "ह्या त्याच्याच ना?"

मास्तरांनी फडकं उचललं आणि मुळातच स्वच्छ असलेलं टेबल पुसायला घेतलं.

"बाटलीवर त्याचाच क्रमांक आहे," संशोधिका म्हणाली.

हे खोटं नव्हतं. क्रमांक धाकट्याचाच होता. आत तो नव्हता, हे तिला काल दुपारी तीन वाजल्यापासून माहीत होतं.

दहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी धाकट्याला तिच्याकडे पाठवलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बारा महिने सर्दी, छातीत कफ, दोन्ही नडग्यांवर भरून न येणाऱ्या जखमा. तोवर त्याच्यावर सगळी औषधं करून झाली होती आणि डॉक्टर थकले होते. घरी बसून तो एका इंजिनिअरसाठी इमारतींचे नकाशे काढायचा. पहिल्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर दंडाला कापूस दाबून धरत त्यानं विचारलं होतं, "आता माझं नेमकं काय बिघडलंय ते मला कळेल असं सांगा. आतापर्यंत सगळ्यांनी फक्त मान हलवली आहे."

तिनं फळ्यावर काढून दाखवलं होतं. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि त्यातले थोडे नमुन्यादाखल बाहेर, अंगावर मांडून ठेवते. रक्तात फिरणाऱ्या पहारेकरी पेशी ते नमुने बघत जातात. घरचा माल असला तर पुढे, परका दिसला तर बोंब. आता हे तुकडे होतात एका खोलीत आणि बाहेर धाडण्यासाठी त्यांची बांधाबांध होते दुसऱ्या खोलीत. दोन्हींच्या मध्ये एक पातळ पडदा आहे. त्या पडद्यात एक प्रथिन बसलेलं असतं. ते एका बाजूनं तुकडा धरतं, वळतं आणि दुसऱ्या बाजूला सोडतं. त्याचं काम एवढंच.

"आणि माझं ते झोपलंय."

"झोपलेलं नाही, असं मला वाटतं. तुकडा ते नीट धरतं. धरून बसतं. वळत नाही."

"म्हणजे आमच्या साहेबांच्या कचेरीसारखं," धाकटा म्हणाला. "कागद घेतात सगळे. पुढे कोणी देत नाही."

मास्तर तेव्हा हसले होते. मास्तर म्हणजे प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. तिथं येणाऱ्या प्रत्येकाला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलेलं, म्हणून हे नाव. धाकट्याच्या रक्तातून वाढत राहतील अशा पेशी त्यांनीच तयार केल्या. नंतर धाकटा दरवर्षी एकदा यायचा, रक्त द्यायचा आणि जाण्यापूर्वी इन्क्युबेटरच्या दाराशी उभा राहून विचारायचा, "काय मास्तर, आमचं इथलं बिऱ्हाड काय म्हणतंय?"

"मजेत आहे. आवाज नाही, तक्रार नाही. तुमच्यापेक्षा तब्येतीनं बरं आहे."

हे आठ वर्षं चाललं. दोन वर्षांपूर्वी एका न्यूमोनियात तो गेला.

पहिली चार वर्षं संशोधिकेला जे दिसत होतं ते तिच्या म्हणण्याशी जुळत होतं. धाकट्याचं प्रथिन तुकडा धरत होतं आणि अडून बसत होतं. मग आकडे घसरले. तुकडा धरल्याची खूणच मिळेना. तिनं पुन्हा पुन्हा प्रयोग केले, दर वेळी शून्य. तेव्हा तिनं त्याचं एक स्पष्टीकरण शोधलं: सदोष प्रथिन पेशी हळूहळू ओळखते आणि मोडीत काढते. त्यावर तिनं एक लेख लिहिला. लेखाचं कौतुक झालं. दुसरा लेख आता छापायला गेला होता, आणि ज्या नियतकालिकाकडे तो गेला त्यांचा नियम होता की पेशी कुणाच्या आहेत याची चाचणी जोडलीच पाहिजे. निव्वळ कागदी सोपस्कार. मास्तरांनी बाटलीतला एक थेंब पाठवून दिला.

काल उत्तर आलं. डीएनएमधल्या सोळा खुणांपैकी सोळाच्या सोळा खुणा प्रमाण पेशींशी जुळत होत्या. ह्या प्रमाण पेशी जगभरच्या प्रयोगशाळा तुलनेसाठी वापरतात. त्यांच्यात ते प्रथिन नसतंच, त्याचं जनुकच गळालेलं असतं. त्याच इन्क्युबेटरच्या खालच्या फळीवर त्या असायच्या. कधीतरी एखादा थेंब चुकीच्या बाटलीत गेला असणार. ह्या पेशी वाढायला चपळ, धाकट्याच्या मंद. महिन्याभरात घरात पाहुणेच तेवढे उरले असतील. आणि वागणूक सारखी, दोन्हींच्याही अंगावर नमुने नाहीत, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

काल संध्याकाळी तिनं पेशींना खाद्य घातल्याच्या नोंदींची वही काढली आणि सहा वर्षं मागे गेली. आकडे घसरण्याच्या आधीच्या महिन्यात मास्तर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. त्या पंधरा दिवसांतलं अक्षर तिचं स्वतःचं होतं. एका ओळीत लिहिलं होतं: दोन्ही, दुपारी ४.१०. घाईत काढलेला चार. वही हातभर लांब धरूनच तिला ते वाचता आलं. म्हणजे दोन्ही बाटल्या तिनं एकदमच उघडल्या होत्या. तिनं वही मिटून जागेवर ठेवली आणि सकाळी पुन्हा काढून बघितली.

बहिणीची भेट दहा दिवसांपूर्वी ठरलेली होती. सकाळी मास्तर म्हणाले होते, "ताईंना आज येऊ नका म्हणून फोन करू का? मशीन बिघडलंय म्हणून सांगतो."

"नको. येऊ दे," ती म्हणाली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मायक्रोस्कोपवरून उठून बहिणीनं चष्मा पुन्हा नाकावर घेतला. तिचं चष्म्याचं दुकान होतं, आणि बोलता बोलता समोरच्याची काडी कानावर नीट बसली आहे की नाही हे बघायची सवय होती. तिनं मास्तरांचा चष्मा काढून घेतला, स्क्रू पिळला, परत दिला. "सारखा घसरत होता," ती म्हणाली. मग संशोधिकेकडे वळून, "थोडं बोलायचं होतं. वेळ आहे?"

संशोधिकेच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवर कागद होते. कागद जमिनीवर गेले. मास्तरांनी कागदी पेल्यांतून चहा आणून ठेवला आणि दार लोटून घेतलं, जे ते एरवी कधी करत नसत. बहीण मांडीवरच्या पर्सची कळ उघडत होती आणि लावत होती.

"मला एक," ती म्हणाली.

"मला तुम्हाला," त्याच वेळी संशोधिका म्हणाली.

दोघी थांबल्या.

"तुम्ही बोला," बहीण म्हणाली.

"नाही, तुम्ही आलात लांबून."

"माझं जरा अवघड आहे. तुम्हीच बोला आधी."

संशोधिकेनं पेला उचलला आणि न पिता ठेवला.

"ताई, तुम्ही मघाशी बघितल्यात त्या पेशी त्याच्या नाहीत."

पर्सची कळ वाजायची थांबली.

"म्हणजे दुसरी बाटली होती?"

"बाटली तीच. पण आत दुसऱ्याच पेशी वाढल्यात. आमच्याकडून मिसळल्या गेल्या. मला काल कळलं." थोडं थांबून ती म्हणाली, "आमच्याकडून म्हणजे माझ्याकडून. त्या दिवशी मीच होते."

"कोणत्या दिवशी?"

"सहा वर्षांपूर्वी."

बहिणीनं मनाशी हिशेब केलेला दिसला. "म्हणजे तो असतानाच."

"हो."

"तो इथं यायचा, बिऱ्हाडाची चौकशी करून घरी सांगायचा, मजेत आहेत म्हणून. तेव्हासुद्धा त्या दुसऱ्याच होत्या."

"शेवटची चार वर्षं. हो."

"कोणाच्या?"

"ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणाच्या तरी रक्तातून केलेल्या आहेत. सगळीकडे वापरतात."

"आणि त्याच्या? त्याच्या गेल्या?"

"बाटलीत नाहीत. ह्या पेशींनी त्यांना जागा ठेवली नाही."

बहीण खिडकीकडे बघत राहिली. बाहेर एक माणूस शिडीवर चढून भिंतीतला पाइप ठोकत होता. संशोधिका वाट बघत होती. रडणं येईल किंवा राग येईल अशी तिनं मनाची तयारी केली होती. दोन्हींसाठी तिच्याकडे काही वाक्यं होती आणि ती कामाची नव्हती हेही तिला कळत होतं.

बहीण हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून.

"माफ करा," ती म्हणाली. "तुम्हाला वाटेल हिला काय झालं." तिनं पर्स उघडून चौघडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "चार दिवस हे लिहीत होते. वाचा."

अर्ज होता. सुवाच्य, दुकानदारी अक्षर. माझ्या दिवंगत भावाच्या पेशी आपल्या प्रयोगशाळेत असून त्या यापुढे वाढवू नयेत व ज्या आहेत त्या योग्य रीतीनं नष्ट कराव्यात ही नम्र विनंती.

"तुमचं काम मोठं आहे, ते मला कळतं," बहीण म्हणाली. "त्यालाही त्याचं कौतुक होतं. म्हणून तोंड उघडत नव्हतं. म्हटलं आधी एकदा बघून घ्यावं, मग सांगावं. चूक माझीच आहे. तो गेला तेव्हा आईला काय सांगावं सुचेना, तर मी म्हटलं, आई, सगळा गेलेला नाही तो, त्याचा एक भाग तिकडे अजून जिवंत आहे. तिला बरं वाटावं म्हणून. झालं. तेव्हापासून रोज तेच. आज त्याला खायला दिलं असेल का गं. तिथं गार तर नसेल ना. परवा विचारते, अजून सुया टोचतात का त्याला. म्हणते, मेल्यावर तरी पोराची सुटका व्हायला हवी होती. दोन वर्षं झाली, बाई सलग तासभर झोपलेली नाही."

तिनं अर्ज उचलला, पुन्हा घडीवर घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

"आता प्रश्नच मिटला. तो केव्हाच सुटलाय. आणि तुम्ही सगळे इथं भलत्याचीच उस्तवार करत बसलात."

"तसंच झालं," संशोधिका म्हणाली.

"तुमचं नुकसान झालं असेल ना?"

"झालं."

"बरं." ते सांत्वन नव्हतं, नोंद होती. बहीण उठली. दाराशी जाऊन वळली. "एक सांगू? तो अर्ज तुम्ही किती लांब धरून वाचलात बघितलंत का? तुम्हाला जवळचा नंबर लागलाय. चांगला दीडचा तरी असेल. दुकानात या, तपासून देते."

ती गेल्यावर मास्तर पेले उचलायला आले. एक रिकामा होता, एक भरलेला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"बरं झालं म्हणाल्या."

मास्तरांनी भरलेला पेला तसाच हातात धरला. "आणि जुन्या टाकीतलं?"

मागच्या इमारतीत द्रव नायट्रोजनची एक जुनी टाकी होती. पहिल्या वर्षी, धाकट्याच्या पेशी नुकत्याच वाढू लागल्या तेव्हा, मास्तरांनी त्यातली एक कुपी गोठवून तिथं ठेवली होती. नव्या याद्यांत तिची नोंद नव्हती. काल अहवाल आल्यावर मास्तरच जाऊन बघून आले होते. कुपी होती. तिच्यावर बर्फ होता आणि बर्फाखाली त्यांचंच अक्षर.

"ते सांगायच्या आत ताई जायला उठल्या होत्या," संशोधिका म्हणाली.

मास्तरांनी चहा मोरीत ओतला आणि नळ जरा जास्तच वेळ चालू ठेवला.

पुढच्या आठवड्यात संशोधिकेनं नियतकालिकाला पत्र लिहून नवा लेख मागे घेतला. जुना लेखही चूक आहे, तो रद्द समजावा, असं दुसऱ्या पत्रात लिहिलं. कारण चार ओळींत लिहिलं आणि खाली फक्त आपली सही केली. विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. ते सौम्य माणूस होते आणि वाईट बातमी ऐकताना पेनचं टोपण काढून लावत असत.

"मूळ पेशी आहेत म्हणता ना? मग अडलंय कुठं? वाढवा, पुन्हा करा."

"घरच्यांची इच्छा नाही."

"लेखी आहे?"

"लेखी होतं. दिलं नाही."

त्यांनी धाकट्याची फाइल मागवली. संमतीपत्रावर त्याची सही होती, आणि माझ्या मृत्यूनंतरही वापर करता येईल या चौकोनात त्यानं बरोबरची खूण केली होती. नकाशे काढणाऱ्या माणसाची खूण. रेषेबाहेर न जाणारी.

"कागद चोख आहे," विभागप्रमुख म्हणाले. "नातेवाइकांना विचारायची गरज नाही. कळवायचीसुद्धा नाही."

"हो," संशोधिका म्हणाली.

कुपी मास्तरांनी स्वतः वितळवली. पाण्यात हलवत, दोन मिनिटांत, पोराला आंघोळीचं पाणी बघावं तसं बोटानं पाणी बघत. पहिले पाच दिवस काहीच हललं नाही. सहाव्या दिवशी तीन घोस दिसले. त्यातला थेंब लगेच ओळखचाचणीला गेला आणि या वेळी उत्तर हवं ते आलं. मग संशोधिकेनं प्रयोग केला. एकटीनं, सकाळच्या वेळी, टेबलावर दुसरी एकही बाटली नसताना. तुकडा प्रथिनापाशी आला, धरला गेला आणि तिथंच राहिला. दहा वर्षांपूर्वी तिनं फळ्यावर काढलं होतं तसंच. तिनं आकडे तीनदा तपासले. तिला आनंद झाला होता, हे तिला जेवायला बसल्यावर कळलं, कारण भूक लागली होती.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका रुग्णालयातून पत्र आलं. नऊ वर्षांची मुलगी, तशीच सर्दी, तसाच कफ, नडग्यांवर सुरुवात. जनुकातली चूक त्याच जागी. आपल्याकडे या दोषावर काम झालेलं असल्याचं कळतं.

शुक्रवारी दुपारी ती बहिणीच्या दुकानात गेली.

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींवर चौकटी मांडलेल्या, मध्ये काउंटर आणि पडद्यामागे तपासणीची खोली. बहीण एका म्हाताऱ्या गृहस्थांना दोन चौकटींपैकी जी त्यांना आवडली नव्हती ती कशी शोभते हे पटवत होती. तिनं संशोधिकेला बघितलं आणि पडद्याकडे मान हलवली.

"आलात ते बरं केलंत," पाच मिनिटांनी आत येत ती म्हणाली. "टाळतात लोक. हात पुरेनासा झाला की मग येतात. हनुवटी इथं टेकवा. आत घर दिसेल, त्याच्याकडे बघा."

आत एक रस्ता होता आणि रस्त्याच्या टोकाला घर. ते धूसर झालं, स्पष्ट झालं, पुन्हा धूसर झालं. यंत्रानं चिठ्ठी बाहेर टाकली. बहिणीनं ती वाचली, संशोधिकेच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली, डाव्या डोळ्यावर काळी चकती घातली आणि उजवीकडे एक भिंग सरकवलं.

"आई आता झोपते," ती सांगत होती. "तुमच्याकडून गेले आणि सांगितलं, तिथं आता त्याचं काही नाही. तिनं एकदाच विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच तास झोपली. मी घाबरून दोनदा श्वास बघून आले. परवा त्याचं कपाट आवरलं तिनं. आपण होऊन. समोरची ओळ वाचा."

संशोधिकेनं वाचली.

"त्याच्या खालची."

"ताई, एक कुपी सापडली आहे."

बहिणीच्या हातात दुसरं भिंग होतं.

"सापडली आहे म्हणजे, होती. तुम्ही आलात तेव्हाही मला माहीत होती. पहिल्या वर्षाची, गोठवलेली. ती आम्ही उघडली. त्या त्याच्याच आहेत, चाचणी केली. वाढतायत."

बाहेर काउंटरवर गृहस्थ आरशाशी स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. बहिणीनं भिंग फडक्यानं पुसलं, दोन्ही बाजूंनी, आणि उजेडात धरून बघितलं.

"हे त्या दिवशी नाही सांगितलंत."

"नाही."

"मग आज तरी कशाला सांगितलंत? मला कुठून कळणार होतं?"

"कुठूनच नाही. त्याची सही आहे, तुम्हाला विचारायची गरज नाही असं आमच्याकडे सांगतात." चौकट नाकावर जड होती, तिनं ती बोटानं सावरली. "तो अर्ज तुमच्याकडे असेल तर द्या. मी घेईन, आणि त्यात लिहिलंय तसं करेन."

"तो बसमध्येच फाडला मी."

बहिणीनं पहिलं भिंग काढून दुसरं घातलं. हात स्थिर होता, रोजचं काम.

"किती दिवस लागतात तुमच्या ह्या कामाला?"

"दीड वर्षं. दोन म्हणा."

"आणि मग त्याचा कुणाला उपयोग?"

"एक मुलगी आहे. नऊ वर्षांची. तिच्यात तेच बिघडलंय, त्याच जागी."

"ती बरी होईल?"

"ते मला सांगता येत नाही. एवढ्यात तर नाहीच. बहुतेक तिच्यानंतरच्या कुणालातरी उपयोग होईल."

"खोटं तरी बोलायचं," बहीण म्हणाली. आवाजात चीड होती की दुसरं काही, ते तोंड न दिसल्यामुळे कळलं नाही. ती मागच्या पेटीत भिंगं शोधत होती. बराच वेळ शोधत होती. "नडग्यांवर आल्या आहेत का जखमा?"

"सुरुवात आहे."

"त्यांना म्हणावं, पट्टी ओली करून काढा. सुकी ओढायची नाही. आम्हाला तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं."

"सांगते."

काउंटरवरचा फोन वाजला. बहिणीनं पडदा बाजूला करून हात लांबवला आणि तो कानाला लावत पुन्हा आत आली.

"बोल आई. ... उठलीस? ... हो, जेवले. ... दुकानातच आहे, कुठं असणार." तिची नजर लोखंडी चौकटीतल्या एका उघड्या आणि एका झाकलेल्या डोळ्यावर होती. "कोण नाही गं. गिऱ्हाईक आहे एक. नंबर काढतेय. ... नाही, ओळखीचं नाही. ... झोप अजून थोडी. मी येते सहापर्यंत."

तिनं फोन पेटीवर पालथा ठेवला. संशोधिका हलली नव्हती.

"हं," बहीण म्हणाली आणि भिंग एक घर फिरवलं. "शेवटून दुसरी ओळ."

संशोधिकेनं ती वाचली.